मंडळीची यादी कोणाच्या हाती?

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चसंघटना एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपल्या बोलण्यातले सीएनआय, जन्माला आले. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि आधीच एकत्र आलेले प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल अशी ही सहा घराणी. बोलणी 1929 पासून चालू होती, म्हणजे एकीला चाळीस वर्षे लागली. घोडे बऱ्याच ठिकाणी अडले, त्यातले एक ठिकाण बाप्तिस्म्याचे. तान्ह्या लेकराचा करायचा, की जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावर? याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपात माणसांना नदीत बुडवून मारले होते. नागपुरात ठरले ते असे, की दोन्ही रीती एकाच मंडळीत नांदतील आणि एकाने दुसऱ्याला कमी लेखायचे नाही. नव्या संघटनेने बोधवाक्य घेतले: एकता, साक्ष, सेवा.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की बाप्तिस्म्याचा भेद ज्यांनी पोटात घातला त्यांच्याच नातवंडांना आज मतदानातला भेद पचत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मंडळ्यांत हे दिसू लागले आहे. अजून कोणी कोणाचे डोके फोडलेले नाही आणि उपासनाही नेमाने होतात. पण नाताळच्या कार्यक्रमाला कोणाला बोलवायचे, मदतीच्या यादीत कोणाचे नाव घालायचे, उपासनेच्या शेडच्या किल्ल्या कोणाकडे राहतील, या तीन प्रश्नांवर कमिट्या अडू लागल्या आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: राजकारणाची फूट मंडळीत व्यासपीठावरून येत नाही. ती सेवेच्या दाराने येते. त्यामुळे 'राजकारण नको, आपण फक्त सेवा करू' हा उपाय रोगाच्या जागीच हात ठेवतो आणि रोग ओळखत नाही.

आधी मंडळी म्हणजे इथे काय, ते पाहू. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन आले. खाली सिरोंच्याला, प्राणहिता-गोदावरीच्या काठी, अमेरिकन मेथडिस्टांनी तेलुगू बोलणाऱ्यांत काम उभारले. हे अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट 1970 च्या एकीतून ऐनवेळी बाहेर पडले, म्हणून त्या दिवशी नागपुरात झालेला आनंद सिरोंच्यापर्यंत पोहोचलाच नाही. 1962 मध्ये चांद्याचे क्षेत्र केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांकडे आले, 1977 मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला आणि त्याचे कॅथेड्रल बल्लारपूरला आहे. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कोणाच्या पडवीत भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आल्या. त्यांतल्या कित्येकांचा पाळक आठवडाभर मजुरी करतो आणि रविवारी उपदेश. एवढे सगळे मिळूनही दोन्ही जिल्ह्यांच्या लोकसंख्येत ख्रिस्ती शेकड्याला एक भरत नाहीत.

शेकड्याला एक नसलेल्यांच्या मतांची चिंता कोण करतो, असे कोणी म्हणेल. लोकसभेला कोणी करत नाही. नगरपंचायतीच्या प्रभागात मात्र निकाल वीस-पंचवीस मतांनी फिरतो आणि तिथे चाळीस घरांची मंडळी हा ऐवज असतो. उमेदवाराला त्या चाळीस घरांत हिंडण्याची गरज नसते. पाळक किंवा सेक्रेटरी यांपैकी एक जण हाताशी असला की त्याचे काम भागते, निदान तो तसे समजतो.

मतभेद असण्याला माझी हरकत नाही. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत अहेरीला तिथल्या राजघराण्यातले धर्मरावबाबा आत्राम, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव हे तिघे एकमेकांविरुद्ध उभे होते. राजघराण्यात जे होते ते मंडळीच्या बाकावर झाले तर त्यात अभद्र काही नाही. येशूच्या बारा शिष्यांत रोमन सरकारसाठी कर गोळा करणारा मत्तय होता आणि त्याच सरकारविरुद्ध पेटलेल्या पंथाचे बिरुद लावणारा शिमोनही होता. दोघांना एका ताटाशी बसवले होते. त्यांचे एकमत झाले, असे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही.

पण आजची फूट नुसत्या पक्षांची नाही. तिच्या खाली कायद्याची एक भेग आहे, आणि ती उपदेशाने बुजत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा दर्जा जातो. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये तो मिळाला, ख्रिस्ती लोकांना अजून नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही, पण तो काढून घ्यावा, म्हणजे 'डीलिस्टिंग' करावे, अशी मागणी जोर धरून आहे. गडचिरोलीत 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 39 टक्के लोक आदिवासी आहेत. तेव्हा एकाच बाकावर तिघे बसतात. पहिल्याचा दाखला बापाच्या पिढीतच गेलेला असतो. दुसऱ्याचा आज आहे आणि उद्या जाईल अशी त्याला भीती असते. तिसरा शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा धरून असतो. ज्या चंद्रपुरात 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तिथे ही तुलना घरोघर होते. एक भाऊ बौद्ध, एक ख्रिस्ती. एकाच्या मुलाला शिष्यवृत्ती, दुसऱ्याच्या मुलाला नाही. या तिघांनी एकाच पक्षाला मत द्यावे ही अपेक्षाच चूक आहे, कारण प्रत्येकाची भीती वेगळ्या दिशेला तोंड करून आहे.

त्यात खाण. सुरजागडच्या टेकड्यांतले लोहखनिज 2021 पासून जोराने निघू लागले. कोनसरीला कारखाना आला आणि एटापल्ली-आष्टी भागातल्या रस्त्यांवर ट्रकांची रांग लागली. एका घरातला मुलगा कंपनीच्या ठेकेदाराकडे कामाला, दुसऱ्या घराचे मोह आणि तेंदूचे जंगल गेलेले. दोघेही प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर' मागतात. एकाची भाकर दुसऱ्याच्या जंगलातून निघते, हे कमिटीच्या बैठकीत कोणी उच्चारत नाही.

न उच्चारण्याची सवय या भागाला चार दशकांची आहे. पोलिसांचा माणूस की माओवादी 'दादां'चा, या संशयाने जीव जात होता, म्हणून लोक मत पोटात ठेवायला शिकले. मंडळ्यांतही हीच शांतता होती आणि आम्ही तिला एकी समजत आलो. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. बंदूक मागे हटते आहे, हे चांगलेच झाले. पण त्या धाकाखाली दबलेली सगळी भांडणे आता वर येणार. जमिनीची, जातीची, धर्माची भांडणे मिटवायची सवय नसलेली माणसे ती एकदम उघड्यावर मांडतील. येती पाच-दहा वर्षे मला या कारणाने धोक्याची वाटतात.

आता सेवेच्या दाराचा मुद्दा. तालुक्याच्या एका गावात नाताळच्या आधी ब्लँकेटवाटप झाले, ते पाहिलेले सांगतो. उपासना संपल्यावर बायका बाहेर ओट्यावर थांबल्या. टेबलावर ब्लँकेटांचे गठ्ठे होते, आणि प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीत एका स्थानिक पुढाऱ्याचा हसरा फोटो व 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा' असा रंगीत कागद सरकवलेला. सेक्रेटरीच्या हातात वहीची पाने होती. तो नाव पुकारी, बाई पुढे येई, आधारचे शेवटचे चार आकडे सांगे, आणि बाजूला उभा असलेला पोरगा मोबाईलवर फोटो काढी. सहा-सात विधवांची नावे पुकारली गेली नाहीत. त्यांच्या घरचे लोक दुसऱ्या बाजूचे प्रचारक होते. कोणी भांडले नाही. त्यांतली एक म्हातारी एवढेच म्हणाली, 'आमचा नाव नाई का जी?' सेक्रेटरी म्हणाला, 'मावशी, दुसऱ्या लॉटमध्ये येते.' दुसरा लॉट आला नाही.

बाहेरच्याला यात ब्लँकेट दिसेल. मला त्या वहीची चिंता वाटते. त्या पानांवर मंडळीच्या चाळीस-पन्नास घरांची नावे, फोन नंबर आणि आधारचे आकडे होते, आणि पाने त्याच संध्याकाळी कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये गेली. वर म्हटले त्या कायद्याच्या भेगेत ही यादी ठेवून पाहा. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा धरणाऱ्या माणसाचे नाव आता एका पक्षाच्या हाती आहे. आज तो पक्ष मित्र आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे या जिल्ह्यांतल्या प्रत्येक पाळकाला माहीत आहे. आणि त्याच पाळकाच्या मंडळीतून एका ब्लँकेटसाठी सदस्यांची यादी बाहेर जाते. भोळेपणाची ही परिसीमा झाली.

यादीचे काय होऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण रवांडाचे. बेल्जियमच्या राज्यकारभाराने 1930 च्या दशकात माणसांच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे लिहायला सुरुवात केली. 1994 मध्ये त्याच ओळखपत्रांनी कोणाला मारायचे ते ठरवले. देश बहुतांशी ख्रिस्ती होता. न्तारामा आणि न्यारुबुये इथे लोक आसऱ्याला चर्चमध्ये शिरले आणि चर्चमध्येच मारले गेले. विदर्भाची रवांडाशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मंडळीची नावे आणि सत्तेची नावे एका कागदावर आली की तो कागद कोणाच्या हाती जाईल, ते मंडळीला ठरवता येत नाही, एवढेच त्यातून घ्यावे.

मंडळ्या पुढाऱ्याच्या वळचणीला का जातात, हेही समजून घेतले पाहिजे. निव्वळ लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. भीती खरी आहे. छत्तीसगडमधले नारायणपूर गडचिरोलीला लागून आहे, आणि तिथे 2 जानेवारी 2023 रोजी जमावाने चर्चची मोडतोड केली. कांकेर जिल्ह्यातल्या काही गावांनी 2025 मध्ये वेशीवर पास्टरांना प्रवेशबंदीचे फलक लावले. त्याच वर्षी 7 जानेवारीला बस्तरमधल्या छिंदवाडा गावात एक पास्टर वारले. त्यांना गावात पुरू देण्याला विरोध झाला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जवळजवळ तीन आठवडे प्रेत शवागारात पडून राहिले. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींत एकमत झाले नाही, आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती द्यावी असे ठरले. हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेला भामरागड-धानोऱ्याकडचा पाळक रात्री झोपत नाही. ठाणेदाराला एक फोन लावणारा कोणीतरी हवा, असे त्याला वाटते. पुढारी तो फोन लावतोही. त्या फोनची किंमत पुढच्या निवडणुकीत वसूल होते, आणि मंडळीत दोन पुढाऱ्यांचे दोन गट असले तर दोन फोन, दोन वसुल्या आणि दोन नाताळ होतात.

सत्तेच्या सावलीचा हा मोह जुना आहे, आणि त्याचा एक धडा चांद्याशीच बांधलेला आहे. अलेक्स वुड हे स्कॉटिश मिशनरी अनेक वर्षे चांद्यात होते, आणि 1926 मध्ये ते नागपूरचे बिशप झाले. मिशनच्या कामात आयुष्य घातलेला हा माणूस होता, त्याला आळशी साहेब म्हणता येणार नाही. 1927 मध्ये व्हेरिअर एल्विन नावाचा तरुण इंग्रज पाद्री पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधीजींच्या जवळ गेला आणि 1932 मध्ये मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांत राहायला गेला. सोबत शामराव हिवाळे होते. अहमदनगर कॉलेजचे संस्थापक भास्करराव हिवाळे यांचे हे बंधू, मराठी ख्रिस्ती. करंजिया बिशप वुड यांच्या हद्दीत येत होते. पाद्री म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठी बिशपनी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विननी ती घेतली नाही, म्हणून परवानाही मिळाला नाही. 1935 मध्ये एल्विननी चर्चच सोडले.

एल्विन पुढे मोठे मानववंशशास्त्रज्ञ झाले, त्यांच्यावर ग्रंथ निघाले. मला या गोष्टीत शामराव जास्त महत्त्वाचे वाटतात. गावात एल्विन 'बडे भाई' आणि शामराव 'छोटे भाई'. औषधपाणी, शाळा, लोकांची भांडणे मिटवणे हा रोजचा गाडा बराचसा छोट्या भाईंनी ओढला. सत्तेला हात लावल्याशिवाय सेवेला हात लावायचा नाही, असे त्या वेळच्या चर्चने ठरवले आणि शामरावांसारख्या माणसाची सेवा आपल्या कुंपणाबाहेर घालवली. वुड यांना ते देशद्रोहापासून चर्च वाचवत आहेत असे वाटले असणार. पंधरा वर्षांत तो राजाही गेला आणि ती शपथही. आज शपथ दुसऱ्या राजाची मागितली जाते आणि ती तोंडी असते, एवढाच फरक.

उलट बाजूचाही एक दाखला आहे. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1954 मध्ये त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. समितीने 14 जिल्हे फिरून 11,360 लोकांच्या भेटी घेतल्या. तिच्यावरचे एकमेव ख्रिस्ती सदस्य एस. के. जॉर्ज वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात शिकवत. 1932 मध्ये सविनय कायदेभंगाची बाजू घेतल्यामुळे कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातली नोकरी त्यांना सोडावी लागली होती. 1956 च्या अहवालावर त्यांनी सही केली आणि ख्रिस्ती समाजात ते घरभेदी ठरले. अहवालाच्या शिफारशी मला पटत नाहीत, त्यातून 1968 चा मध्य प्रदेशचा कायदा निघाला. 1 नोव्हेंबर 1956 ला चांदा मुंबई राज्यात आला नसता तर तो कायदा इथेही लागू झाला असता. तरीही जॉर्ज यांना ज्या रीतीने वाळीत टाकले गेले ते मला खुपते. इंग्रजांच्या काळात गांधींची बाजू घेतली म्हणून चर्चने दूर केलेला माणूस स्वराज्यात सरकारच्या अहवालावर सही केली म्हणून पुन्हा दूर झाला. त्याच्याशी समोर बसून वाद घालण्याची सोय मंडळीत दोन्ही वेळा नव्हती. (नियोगी स्वतः अहवालानंतर काही महिन्यांतच आंबेडकरांबरोबर बौद्ध झाले, हा इतिहासाचा खोडकरपणा.)

वाद घालण्याची सोय कशी असते, ते पाहायला चंद्रपूरहून फार लांब जावे लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत पाडली. बहुमताने ठरवायचे नाही, एकाचाही विरोध असला तर थांबायचे. याहून मोलाची वाटते ती त्यांच्या अभ्यासगटाची कल्पना. तिथे निर्णय घ्यायचा नसतो, फक्त विषय समजून घ्यायचा असतो. त्यामुळे माणूस हरण्याच्या भीतीशिवाय बोलतो. आपल्या कमिट्यांत नेमके हेच नाही. विषय येतो तोच हात वर करण्यासाठी. ज्याचे हात कमी भरले तो पुढच्या रविवारपासून शेजारच्या शेडमध्ये जातो, आणि वर्षभरात त्या शेडवर नवी पाटी लागते. अर्थात सर्वसहमतीलाही दुसरी बाजू आहे. वेशीवर फलक लावणाऱ्या गावांनीही ग्रामसभेचाच आधार घेतला. सगळ्यांचे मत म्हणजे गप्प बसलेल्यांचे मत, असे होऊ द्यायचे नसेल तर विरोध करणाऱ्याला जागा राखून ठेवावी लागते.

ही जागा राखण्याची सर्वांत हुशार तऱ्हा प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. तो अध्याय आपण वारंवार वाचतो आणि त्यातला मुद्दा हुकवतो. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. ब्लँकेटची यादीच ती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना प्रार्थना करा म्हणून परत पाठवले नाही, आणि दोन्ही बाजूंचे समसमान प्रतिनिधीही नेमले नाहीत. वाटपासाठी सात माणसे निवडली गेली: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक. म्हणजे ज्यांचा वाटा मारला जात होता, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती सगळ्यांच्या कोठाराच्या किल्ल्या दिल्या. इब्री बोलणाऱ्या बहुसंख्यांनी हे मान्य केले, यात त्या मंडळीची खरी श्रीमंती दिसते.

आपल्याकडे किल्ल्या जिंकणाऱ्याकडे जातात. पास्टोरेट कमिटीची निवडणूक होते, जुना गट पायउतार होतो, हिशेबाची वही देत नाही, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तबदलाच्या चेंज रिपोर्टवर हरकत घेतो आणि प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहते. तोवर बँकेचे खाते गोठलेले आणि संडे स्कूलच्या मुलांना खाऊ नाही. मिळकतीचे भांडण किती खोल जाते ते गुजरातच्या ब्रदरेन मंडळीच्या खटल्यात दिसले. 1970 मध्ये झालेल्या विलीनीकरणात संस्था आणि ट्रस्ट यांची कायदेशीर रीत पाळली गेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले. नागपुरात प्रार्थनेने झालेली एकी त्रेचाळीस वर्षांनी कागदावर अडली. स्थानिक पुढाऱ्यांना हे वाद आयतेच सापडतात, कारण दोन्ही गटांना कोणाचा तरी फोन हवाच असतो.

कबरस्तानाची गोष्टही याच रांगेतली. स्वतंत्र मंडळ्यांकडे बहुधा दफनभूमी नसते. त्यांचे माणूस वारले की ते जुन्या मिशनच्या कमिटीकडे येतात, आणि पहिला प्रश्न येतो: मयत आपला मेंबर होता का? वर्गणी कधीपर्यंत भरली होती? छिंदवाड्याच्या गावकऱ्यांवर चिडणाऱ्या माणसांनी हा प्रश्न विचारू नये. दोन्ही जिल्ह्यांतल्या सीएनआय, मेथडिस्ट, कॅथलिक आणि स्वतंत्र मंडळ्यांनी एकमेकांच्या मयताला बिनशर्त जागा देण्याचा लेखी ठराव केला, तर ती नागपूरच्या ठरावानंतरची सर्वांत मोठी एकी होईल. धर्मसिद्धांताचे कोणतेही भांडण त्याच्या आड येत नाही.

सेवेने राजकारणापासून पळावे असे मात्र मी म्हणत नाही. दारूबंदी घ्या. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. ती यावी की उठावी यावर मंडळीत दोन मते असतील, आणि दोन्ही मते पक्षांशी बांधलेली असतील. पण दारूने यकृत गेलेल्या नवऱ्याला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या बाकड्यावर बसलेल्या बाईसोबत रात्रभर कोणी बसायचे, यावर दोन मते असायचे कारण नाही. कायद्यावर भांडावे, आणि उघड भांडावे. रात्रीच्या पाळीचा तक्ता मात्र दोन्ही गटांच्या बायकांनी मिळून करावा. वाघाने माणूस मारला तेव्हा, परलकोटाला पूर येऊन भामरागड तुटते तेव्हा, मलेरियाच्या दिवसांत, हाच तक्ता उपयोगी पडेल. ज्याच्या दारात जायचे तो ख्रिस्ती आहे का, हेही त्या तक्त्यात लिहू नये. लिहिले की सेवेला आमिष म्हणणाऱ्याच्या हाती आपण होऊन पुरावा दिल्यासारखे होते.

पक्षाचे पद असलेल्याने मंडळीच्या कमिटीतच बसू नये, असा नियम काही जण सुचवतात. मला तो मान्य नाही. लहान गावात शिकलेली, अर्ज लिहिता येणारी चार माणसे असतात, त्यांतली तीन कुठल्या ना कुठल्या पक्षात असतात. त्यांना काढले तर कमिटीत सही करणारे उरतील, वाचणारे नाही. शिवाय पद सोडून भाच्याला पुढे करण्याची युक्ती सगळ्यांना येते. पक्षाचे पद असलेल्याने कमिटीत बसावे, बोलावे, वाद घालावा. पण सदस्यांची यादी, मदतीची वही, बँकेची सही आणि शेडची किल्ली या चार गोष्टी त्याच्याकडे नसाव्यात. बाहेरून आलेल्या मदतीवर कोणाचा फोटो असेल तर वाटपाआधी तो कागद काढावा. देणाऱ्याला ते खपत नसेल तर ब्लँकेट परत करावे. थंडीत हे सांगणे सोपे नाही, हे मला कळते. वाटप झाल्यावर कोणाला किती दिले याचा आकडा फलकावर लागावा आणि नावे कपाटात राहावीत. आणि यंदाच्या कमिटीच्या निवडणुकीत जो गट हरेल, मदतीची वही त्याच्यातल्या एकाकडे द्यावी. जिंकलेले याला तयार होतील का, हे पहिल्याच बैठकीत विचारून पाहता येईल.